चहाचा पेला आणि पाण्याची ओंजळ

पनवेल मागे टाकून थोडे पुढे गेले म्हणजे पळस्पे हे गाव लागते. मुंबईकडून आलेला रस्ता येथे दुभंगतो. एक फाटा खोपोलीवरून खंडाळ्याचा घाट चढून पुण्यास जातो. दुसरा शिरढोण, कर्नाळा, पेण, महाड अशी गावे घेत तळकोकणात उतरतो व पुढे गोव्यास पोहोचतो. गणेशचतुर्थीच्या आदल्या दोन-चार दिवसांत कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांची या फाट्यावर जी दाटी होते, ती ज्याने पाहिली आहे त्याला या जागेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हा फाटा आणखी एका कारणाने विचार करावयास लावतो. घाटावरच्या रस्त्याच्या टोकाला, पुण्यात, १८९० साली चहाच्या एका पेल्यावरून मोठा गहजब झाला. कोकणच्या रस्त्यावर, महाडास, १९२७ साली ओंजळभर पाण्यावरून त्याहूनही मोठा संग्राम झाला. घशाखाली काय उतरवावे, आणि ते कोणाच्या हातचे किंवा कोणत्या जागेचे असावे, एवढाच प्रश्न दोन्ही वेळी वरवर दिसत होता. तथापि दोन्ही वेळी त्यावरून तट पडले, वर्तमानपत्रे एकमेकांवर तुटून पडली आणि महाराष्ट्राच्या राजकारणाला निराळे वळण लागले.

राजकारण म्हणजे कर, कायदे, सैन्य आणि व्यापार यांविषयींचे मतभेद, अशी आपली समजूत असते. पण माणसे पक्ष निवडतात तेव्हा पुष्कळदा हे विषय बाजूस राहतात आणि कोण काय खातो, काय नेसतो, कोठे प्रार्थना करतो, मुलीचे लग्न केव्हा करतो, यांवरून आपला कोण आणि परका कोण हे ठरते. अमेरिकेसारख्या धनाढ्य व शिकलेल्या देशातही हीच तक्रार ऐकू येते. तेथील दोन मोठ्या पक्षांमध्ये धोरणांचे अंतर आहेच. पण शहर आणि खेडे, चर्चला नेमाने जाणारे आणि न जाणारे, बंदूक बाळगणारे आणि तिची भीती बाळगणारे, असे राहणीचे अंतर त्याहून खोल गेले आहे. तेथील विद्वान याला संस्कृतियुद्ध असे नाव देतात. हे युद्ध आपल्याला नवे वाटण्याचे कारण नाही. मराठी समाजाने ते दीडशे वर्षांहून अधिक काळ पाहिले आहे, आणि त्यातून एक महत्त्वाचा धडाही त्याच्या पदरात पडला आहे.

राहणीवरून पक्ष का पडतात, याचे कारण फारसे गूढ नाही. माणसाचे मत त्याच्या डोक्यात असते. ते विचारल्यावाचून कळत नाही, आणि विचारले तरी तो खरे सांगेलच असे नाही. त्याची पगडी, त्याचे ताट, त्याच्या घरातील विधवेचे केस, त्याच्या अंगणात कोणाला उभे राहू देतात, या गोष्टी मात्र रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसतात. शिवाय आपल्या समाजात खाणेपिणे ही खाजगी बाब कधीच नव्हती. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार या दोन दोऱ्यांनी जातींची सारी वीण विणलेली होती. त्यामुळे कोणी भलत्याच्या हातचे खाल्ले म्हणजे त्याने नुसती भूक भागविली असे होत नसे. त्याने एक जाहीर विधान केले असे होई.

हे मुंबईतील परमहंस सभेच्या मंडळींना चांगलेच ठाऊक होते. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग प्रभृतींनी ही सभा स्थापली. जातिभेद मोडावा हा तिचा हेतू. आणि नव्या सभासदाची परीक्षा अशी की, त्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे. हे सर्व गुप्तपणे चाले. पुढे १८६० साली सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली आणि नावे बाहेर फुटली. तेवढ्या भयानेच सभा मोडली. जातिभेदाविरुद्ध लेख लिहून जे धैर्य टिकले असते ते एका पावाच्या तुकड्याची वाच्यता होताच गळून पडले. विचारापेक्षा आचाराचा धाक किती मोठा असतो, हे या प्रसंगाने दाखविले.

तीस वर्षांनी पुण्यात याच नाटकाचा दुसरा प्रयोग झाला, आणि या वेळी पात्रे फार मोठी होती. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित गृहस्थांना बोलावणे गेले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले असे लोक त्यांत होते. व्याख्यान संपल्यावर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला, कोणी तो तसाच ठेवून दिला. गोष्ट येथेच संपावयाची. परंतु गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात झळकली. हे गोपाळराव म्हणजे अमेरिकेत फिलाडेल्फियास जाऊन १८८६ साली डॉक्टरीची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाईंचे पती. स्वभावाने ते विक्षिप्त. सुधारकांची आणि सनातन्यांची, दोघांचीही फजिती करण्यात त्यांना गोडी वाटे.

मग ग्रामण्य उभे राहिले. मिशनऱ्यांच्या घरी चहा घेतलेल्यांना वाळीत टाकावे, अशी फिर्याद शंकराचार्यांकडे गेली आणि चौकशीसाठी मंडळ नेमले गेले. टिळकांनी शास्त्राधार दाखवून हे पाप अल्प प्रायश्चित्ताने फिटण्याजोगे आहे असे प्रतिपादिले, आणि आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. तरीही त्यांच्या घरच्या धर्मकृत्यांना भटजी मिळण्याची अडचण पडली. रानडे यांनी आरंभी नकार दिला. पण आपल्यामुळे स्नेह्यांच्या घरांत तंटे माजू लागलेले पाहून १८९२ साली त्यांनीही प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या प्रसंगाची हकिकत दिली आहे. या प्रायश्चित्ताने त्यांचे अनुयायी खट्टू झाले आणि विरोधकांचेही समाधान झाले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पेल्यातील चहा प्यायल्याने किंवा न प्यायल्याने तिसऱ्या कोणाचे काहीही बिघडत नव्हते. मिशनरी उपाशी राहत नव्हते, शेजाऱ्याची विहीर आटत नव्हती. जे काही पणास लागले होते ते पिणाऱ्यांच्या व न पिणाऱ्यांच्या प्रतिष्ठेपुरते होते. अशा भांडणात समाजाची शक्ती व्यर्थ जाते, मने कडू होतात. पण अन्याय असा म्हणावयाचा तो फार थोडा घडतो. पुढल्याच वर्षी जे भांडण उभे राहिले, त्याची जात मात्र अगदी निराळी होती.

बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या समागमामुळे मरण पावली, आणि १८९० साली कलकत्त्यास त्याचा खटला चालला. बेहरामजी मलबारी हे तर १८८४ पासूनच बालविवाहाविरुद्ध लिहीत होते. मुंबईत रखमाबाईंचे प्रकरण गाजून गेले होते. अजाणपणी झालेल्या लग्नाचा नवरा दादाजी याने तिला नांदावयास आणण्यासाठी दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, पण १८८७ साली नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात बस असा हुकूम झाला. अखेर १८८८ साली तडजोड होऊन ती सुटली आणि पुढे विलायतेत शिकून सुरतेस व राजकोटास डॉक्टर म्हणून नावाजली. या पार्श्वभूमीवर १८९१ च्या जानेवारीत संमतिवयाचे बिल आले. समागमास संमती देण्याचे मुलीचे वय दहावरून बारा करावे, एवढीच त्यातील सूचना होती. १९ मार्च १८९१ रोजी ते मंजूर झाले.

त्या अडीच महिन्यांत पुण्यात जे रण माजले त्यात टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोन जुने मित्र समोरासमोर उभे होते. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूलमध्ये एकत्र आलेले, १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र राहिलेले हे दोघे. पुढे आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढला. टिळकांचे म्हणणे असे की, परक्या सरकारला आमच्या घरात शिरण्याचा अधिकार नाही. सुधारणा व्हावयाची ती समाजाने आपण होऊन करावी. हे म्हणणे पोकळ नव्हते. १८९० सालीच त्यांनी मुलीचे लग्न सोळा वर्षांच्या आत आणि मुलाचे वीस वर्षांच्या आत करू नये, असा निर्बंध सुधारकांनी स्वखुशीने स्वतःवर घालून घ्यावा, असे सुचविले होते. म्हणजे वयाच्या बाबतीत टिळकांची सूचना सरकारी बिलाच्या पुष्कळ पुढे होती! आगरकरांचे म्हणणे असे की, ज्या समाजाने शेकडो वर्षांत आपण होऊन काही केले नाही तो उद्या करील ही आशा व्यर्थ आहे, आणि मुलीचा जीव वाचविणारा कायदा कोणी केला हे पाहण्याचे कारण नाही.

दोन थोर पुरुषांत असा मतभेद असणे स्वाभाविक होते. परंतु वाद रस्त्यावर उतरला तेव्हा त्याचे रूप पालटले. बिलाला विरोध करणे ही स्वधर्माची खूण ठरली आणि पाठिंबा देणे ही साहेबी थाटाची. आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढण्यापर्यंत पुणेकरांची मजल गेली. या सगळ्या कोलाहलात कोणाचा विसर पडला असेल तर तो त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा. तिचे वय, तिचे शरीर, तिचे मरण हा मूळ विषय. पण ती दोन्ही बाजूंच्या निशाणावरील चित्र होऊन बसली. राहणीच्या प्रश्नाचे निशाण झाले म्हणजे हेच होते. निशाण उंच राहिले की खाली पडला की एवढेच लोक पाहतात. ज्याच्यासाठी ते उभारले त्याच्याकडे पाहावयास कोणाला सवड राहत नाही. मुलींच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविणारा शारदा कायदा होण्यास १९२९ साल उजाडावे लागले, आणि ते अठरा होण्यास १९७८ साल.

या दुहीची परिणती १८९५ च्या डिसेंबरात झाली. राष्ट्रीय सभेचे अकरावे अधिवेशन सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यास भरावयाचे होते. राजकीय सभेने सामाजिक प्रश्नांत पडू नये, हे दादाभाई नौरोजी यांनी १८८६ सालीच सांगून ठेवले होते. म्हणून १८८७ पासून सामाजिक परिषद निराळी भरे, पण तिच्यासाठी राष्ट्रीय सभेचाच मंडप वापरण्याचा प्रघात होता. पुण्यात या मंडपावरून तंटा झाला. परिषद मंडपात भरली तर मंडप जाळू, अशा धमक्या निघाल्या. रानडे यांनी हट्ट न धरता परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात नेली. मंडप वाचला, पण स्वराज्य मागणारे आणि समाजसुधारणा मागणारे एकाच छताखाली बसू शकत नाहीत, हे सर्व हिंदुस्थानाला दिसले. त्याच सुमारास सार्वजनिक गणेशोत्सवाने बाळसे धरले होते आणि १८९६ साली रायगडावर शिवोत्सव झाला. या उत्सवांनी सामान्य माणूस राजकारणात ओढला गेला ही मोठीच कमाई होय. पण मेळ्यांच्या पदांतून सुधारकांची टवाळी होई, हेही विसरता येत नाही.

आतापर्यंतचे सारे भांडण पुण्यातील दोन-चार पेठांतले, आणि बहुतांशी एकाच जातीतले होते. टिळक, रानडे, आगरकर, गोखले यांच्या घरांत चूल एकाच रीतीची, पोषाख जवळजवळ एकसारखा. या पेठांबाहेर जो अफाट समाज होता त्याच्याकडे निराळ्याच प्रकारची सांस्कृतिक लढाई चालली होती. जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यास आले असता त्यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. जरीच्या पागोट्यांच्या व शालजोड्यांच्या त्या थाटात त्यांचे जाडेभरडे कपडे पाहून राजपुत्राला खऱ्या हिंदुस्थानाचे दर्शन घडावे, हा त्यांचा हेतू होता. येथेही वेषाचेच राजकारण होते. परंतु हा वेष आपल्या गटाची ऐट मिरविण्यासाठी घातलेला नव्हता. जे त्या दिवाणखान्यात येऊ शकत नव्हते त्यांच्या वतीने तो घातलेला होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात वेदोक्त प्रकरणाने हा तट अधिक रुंद झाला. राजाच्या घरचे विधी वेदमंत्रांनी करावयाचे की पुराणमंत्रांनी, या प्रश्नातून शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने एक समर्थ चळवळ उभी राहिली. पुण्यात १९२० नंतर गणेशोत्सवात छत्रपती मेळा आणि सन्मित्र समाज मेळा यांच्या पदांची जुंपू लागली. तोच गणपती, तेच शिवाजी महाराज. पण एकाच्या तोंडी ते गोब्राह्मणप्रतिपालक, तर दुसऱ्याच्या तोंडी कुळवाडीभूषण. एकच देव आणि एकच राजा दोन पक्षांचे दोन होऊन बसले.

पुण्याच्या रस्त्याची कथा ही अशी. आता पळस्प्याच्या फाट्यावर परत येऊन दुसरा, कोकणचा, रस्ता धरावा. थोड्याच अंतरावर शिरढोण लागते. १८४५ साली येथे वासुदेव बळवंत फडके जन्मले. पुण्यास सरकारी लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करणाऱ्या या ब्राह्मणाने १८७९ साली बंड उभारले ते रामोशी साथीदारांना बरोबर घेऊन, आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात देह ठेवला. पेठांतील मंडळी चहाच्या शास्त्रार्थात गुंतण्यापूर्वी दहा-अकरा वर्षे हा मनुष्य रामोशांबरोबर डोंगर तुडवीत होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आणखी पुढे, सावित्रीच्या काठी, महाड लागते. येथे रस्त्याची कथा वेगळ्या उंचीला पोहोचते.

सीताराम केशव बोले यांच्या ठरावान्वये १९२३ च्या ऑगस्टात मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असल्याचे ठरविले. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला; तळ्यावर जाण्याची कोणाची छाती झाली नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आलेल्या हजारो माणसांसाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, ही एकच गोष्ट सारी परिस्थिती सांगते. दुसऱ्या दिवशी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यांच्यामागून इतरांनी घेतले. मग वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी खोटी आवई उठली आणि परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. पुढे एकशे आठ घागरी पाणी उपसून व गोमूत्र-शेणाचे मिश्रण तळ्यात ओतून त्याची शुद्धी करण्यात आली. ज्या तळ्यावर मुसलमान पाणी भरीत आणि गुरेही पीत, ते माणसाच्या ओंजळीने बाटले होते!

१९२७ च्याच ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेवढ्यात तळे खाजगी मालकीचे आहे असा दावा लावून काही गृहस्थांनी न्यायालयातून मनाई आणली. न्यायालयाचा मान राखून डॉ. आंबेडकरांनी तळ्यावरील सत्याग्रह तहकूब केला. मात्र २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते.

सहस्रबुद्धे यांचे तेथे असणे हा योगायोग नव्हता. ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी जेधे-जवळकर यांनी या सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला होता. अट अशी की, त्यात कोणा ब्राह्मणाला घेऊ नये. डॉ. आंबेडकरांनी ही अट नाकारली. आपला लढा ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मणांशी नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांना त्या वेळी मित्रांची गरज किती होती, हे पाहता या नकाराचे मोल कळते. अट स्वीकारली असती तर पाण्याच्या हक्काचा लढा हा एका तटाचा दुसऱ्या तटाशी लढा झाला असता, आणि संमतिवयाच्या वादात मुलगी जशी बाजूस पडली तशी येथे तहान बाजूस पडली असती.

याच डिसेंबरच्या परिषदेत त्यांनी स्त्रियांना केलेला उपदेशही या विषयाशी जवळचा आहे. लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे पायघोळ नेसा. जातीची खूण म्हणून घातले जाणारे कथलाचे व चांदीचे जड दागिने टाका, असे त्यांनी सांगितले. बायकांनी तो लगेच अमलात आणला. पुण्याच्या पगडीने आपण कोण हे मिरवायचे होते. महाडच्या बायकांना मात्र जी खूण दुसऱ्यांनी त्यांच्यावर लादली होती ती उतरवायची होती. वेष हा दोन्ही ठिकाणी राजकारणाचाच विषय. पण अर्थ अगदी उलटे. चवदार तळ्याचा दावा दहा वर्षे चालला. १९३७ च्या मार्चात मुंबईच्या उच्च न्यायालयाने, अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादिकालापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही, असा निर्णय दिला. जी रूढी लाठीने राखली होती ती पुराव्याच्या कसोटीवर टिकली नाही.

आता थोडे अमेरिकेकडे पाहावे. तेथेही एक पेला होता. दारूबंदीची घटनादुरुस्ती १९१९ साली संमत झाली, १९२० पासून अमलात आली आणि १९३३ साली रद्द झाली. त्या चौदा वर्षांत दारू पिणे वा न पिणे ही नुसती सवय राहिली नाही. खेड्यातील प्रॉटेस्टंट आणि शहरात नव्याने येऊन वसलेला कॅथलिक, यांच्यातील ती सीमारेषा झाली. १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन या लहान गावी, शाळेत उत्क्रांतीचा सिद्धान्त शिकविल्याबद्दल स्कोप्स नावाच्या शिक्षकावर खटला झाला व त्याला शंभर डॉलर दंड झाला. १९२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत न्यूयॉर्कचे अल् स्मिथ उभे होते. ते कॅथलिक व दारूबंदीच्या विरुद्ध, ही दोन विशेषणे त्यांच्या धोरणांपेक्षा अधिक गाजली आणि ते हरले. कॅथलिक गृहस्थ अध्यक्ष होण्यास १९६० ची निवडणूक उजाडावी लागली. गर्भपाताच्या प्रश्नावर तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली एक निर्णय दिला आणि २०२२ साली तो स्वतःच फिरविला. मधल्या सुमारे पन्नास वर्षांत स्त्रीच्या शरीराचा हा नाजूक प्रश्न दोन पक्षांचे निशाण होऊन बसला. संमतिवयाच्या वादाची ज्याला माहिती आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

पण त्याच देशात महाडसारखाही एक प्रसंग घडला. १ फेब्रुवारी १९६० रोजी उत्तर कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णी विद्यार्थी एका मोठ्या दुकानातील उपाहाराच्या मेजावर बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ती जागा गोऱ्यांसाठी राखीव होती. कॉफी मिळाली नाही. ते बसून राहिले, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, आणि पाहता पाहता ही चळवळ दक्षिणेकडील राज्यांत पसरली. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याने अशा भेदाला बंदी झाली. कोणी म्हणेल, कॉफी गोऱ्यांच्या मेजावर पिण्याचा एवढा हट्ट कशाला? हाच प्रश्न महाडासही विचारला गेला होता: पाणी दुसरीकडे नव्हते काय? पाण्याने तहान भागते आणि कॉफीने तरतरी येते, एवढेच ज्याला दिसते त्याच्यापाशी या प्रश्नाला उत्तर नाही. सार्वजनिक जागेवर आपला इतरांइतकाच हक्क आहे, हे ज्याला कळते त्याला उत्तराची गरजच नाही.

तेव्हा मराठी समाजाच्या इतिहासातून निघणारा धडा असा. राहणीवरून पक्ष पडणे कोणत्याही देशात टळत नाही, आणि प्रत्येक वेळी त्याला तुच्छ लेखूनही चालत नाही. ‘हे नुसते खाण्यापिण्याचे भांडण, यात काय अर्थ आहे’ असे म्हणणारा मनुष्य पंचहौदच्या बाबतीत बरोबर ठरला असता. महाडच्या बाबतीत तोच अन्यायाचा साथी झाला असता. उलट, प्रत्येक चालीरीतीवर धर्म किंवा राष्ट्र पणास लागले आहे असे मानणारा मनुष्य चहाच्या पेल्यासाठी शेजाऱ्याला वाळीत टाकतो. म्हणून असा वाद निघाला की एक साधी कसोटी लावून पाहावी. या रूढीने दुसऱ्या कोणाची वाट, पाणी, विद्या किंवा जीव अडला आहे काय? अडला नसेल तर ज्याची रूढी त्याला लखलाभ. दोघांनीही आपापले पेले सांभाळावे. अडला असेल तर मात्र ती रूढी कितीही जुनी असो, तिच्यामागे कितीही थोर नावे उभी असोत, तिला हात घातलाच पाहिजे.

ही कसोटी लावणे सोपे नाही, हे थोरांच्या उदाहरणावरूनही दिसते. १९१८ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईस भरविलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत टिळक आले, आणि अस्पृश्यता मानणाऱ्या देवाला आपण देवच मानणार नाही असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. परंतु आपण स्वतः ती पाळणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रावर सही करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सही केली नाही. सभेत उच्चारलेला विचार आणि घरी पाळावयाचा आचार यांच्यामध्ये आपल्या अनुयायांचा भला मोठा समूह उभा असतो. आणि पुढारी जितका मोठा तितका त्याला त्या समूहाचा धाक अधिक. आजचे पुढारीही या धाकातून सुटलेले नाहीत, अमेरिकेत नाहीत आणि येथेही नाहीत.

या कसोटीला कायद्याचे बळ मिळाले ते २६ जानेवारी १९५० रोजी. ज्यांनी महाडास ओंजळ भरली तेच डॉ. आंबेडकर घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. घटनेच्या पंधराव्या कलमात, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला कोठे अटकाव करता येणार नाही त्या जागांची यादी आहे. त्यात दुकाने व उपाहारगृहे आहेत. विहिरी, तळी व स्नानाचे घाट आहेत. आणि रस्तेही आहेत. कोणी कोणता चहा प्यावा, काय नेसावे, कोणते व्रत पाळावे, याबद्दल ते कलम एक अक्षरही बोलत नाही. मात्र चहाचे दुकान, पाण्याचे तळे आणि त्या दोहोंकडे नेणारा रस्ता सर्वांना सारखा मोकळा राहिला पाहिजे, एवढे ते बजावून सांगते.